इंदापूरचं नववं चाक

आमचे मिस्त्री चाकं मोजताना 'एक' म्हणत नसत. शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या चाकांवरून बोट फिरवत ते "जोडी, दोन जोड्या, तीन जोड्या" असं मोजत जायचे, आणि शेवटी एखादं चाक उरलंच तर त्याच्याकडे बघायचंच टाळायचे. न बोलावता पंगतीत येऊन बसलेल्या पाहुण्याकडे यजमान बघत नाही, तसं.

मी तिथं कारकून होतो. कारखाना म्हणजे बारामतीत स्टेशनच्या अंगाला पत्र्याची एक लांब शेड, पुढं लिंबाचं झाड, आणि झाडापलीकडे लोखंड तापवायला गोवऱ्यांचं रिंगण. तिथं बैलगाड्या तयार होत. मला बैलगाडीतलं काय कळत होतं? बसायचं कुठून, एवढंच. आणि पहिल्याच दिवशी मी बैलांच्या बाजूनं चढायला गेलो होतो, त्यामुळे तेवढंही कळत नव्हतं असं मानणारे लोक शेडमध्ये बरेच होते.

तयार गाडी आमच्याकडे कधीच नसे. गिऱ्हाईक यायचं, बैल केवढे, वाट कशी, माल काय वाहायचा ते सांगायचं, मग त्याच्या गाडीचं लाकूड निवडलं जायचं. पण ते पन्नासनंतरचे दिवस. कालव्याच्या पट्ट्यात उसाचे कारखाने उभे राहत होते आणि ऊस वाहायला गाड्या एकदम लागायच्या. एका शेडच्यानं ते व्हायचं नाही. आमच्या मालकांची दुसरी शेड इंदापूरला होती. मोठी ऑर्डर आली की ती फोडायची, थोडा माल इथं, थोडा तिथं, आणि ठरल्या दिवशी सगळा एका जागी आणून जोडायचा. हे फोडणं आणि सांधणं माझ्याकडे होतं, कारण मी मॅट्रिक होतो.

पहिलीच मोठी ऑर्डर मी अशी फोडली : डावी चाकं बारामतीला, उजवी चाकं इंदापूरला.

कागदावर ते फार सुंदर दिसत होतं. मिस्त्रींना वाचता येत नसे, म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवलं. शेडमधली करवत थांबली. मिस्त्रींनी एक चाक माझ्यापुढं उभं केलं, गर्रकन फिरवलं, पाठीची बाजू पुढं करून परत उभं केलं.

"कारकून, आता हे डावं का उजवं?"

मी चष्मा पुसला.

"पायतान न्हवं हे," मिस्त्री म्हणाले, आणि पुन्हा कामाला बसले. पुढं वर्षभर माणसं मला बघितली की एकमेकांना विचारायची, "आरं, तुझा डावा हातुडा कुठं हाय?"

मिस्त्रींचं सगळं जग जोडीचं होतं. एका गाडीची दोन चाकं एकाच माणसानं करायची, एकाच झाडाच्या लाकडाची, आणि दोन्हींवर धाव एकाच जाळात चढवायची. धाव म्हणजे चाकाभोवतीचं लोखंडी कडं. ते तापवून लाल करायचं, चाकावर ठोकून बसवायचं आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि चाकाला आवळून धरतं. पण पुढं उन्हाळ्यात लाकूड सुकतं, आणि चाक बारीक झालं की धाव सैल पडते. जोडी एका हातची असली तर दोन्ही चाकं बरोबरीनं सुकतात. भिन्न हातांची असली तर एक आधी सैल पडणार, आणि गाडी एका अंगानं रडत जाणार. "नवराबायकोनं बरोबर म्हातारं व्हावं," असं ते म्हणायचे. तुंबा, म्हणजे चाकाच्या मधला लाकडी गड्डा, कातायला घेतला त्याच दिवशी ते दोन चाकांचे दोन तुंबे सुतळीनं एकमेकांना बांधून ठेवायचे. मग ती सुतळी आस घालेपर्यंत सुटायची नाही.

प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मालाला एका रंगाची चिंधी बांधायची, ही पण त्यांचीच पद्धत. चाकं, जू, दांड्या चार ठिकाणी पडलेल्या असल्या तरी चिंधी बघून एकत्र यायच्या. चिंध्या आणायचं काम माझ्याकडे आलं. मी शिंप्याकडून एक तांबडी आणि एक डाळिंबी आणली. मिस्त्रींच्या दृष्टीनं त्या दोन्ही तांबड्याच. पिंपळीच्या उंच खिलारांचं जू एका ठेंगण्या बैलजोडीच्या मानेवर गेलं आणि ते बैल रस्त्यात खालून निघून गेले. गाडीवान गाडीतच बसून होता म्हणे, बैल मात्र घरी पोचले.

आणि मिस्त्री स्वतः बैलगाडीत कधी बसत नसत. सांगवीला जायचं असो की आणखी लांब, गाडी रिकामी चाललेली असली तरी हे गृहस्थ चाकाच्या मागून चालत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "वर बसल्याव खालचं कसं दिसंल?"

त्यांना एक मुलगा होता. बायको लवकर गेलेली, मुलगा हाताखालीच वाढला आणि चाक शिकला. चाक पुरं झालं की मिस्त्री लाकडी हातोडीनं एकेका आऱ्यावर ठोका द्यायचे, कान लावायचे आणि "हं" म्हणायचे. ते 'हं' सगळ्यांना सारखंच मिळे. जुन्या सुतारांना त्याचं काही वाटत नसे. मुलाला ते पुरेना.

एक दिवस तो म्हणाला, "आबा, चांगलं का वाईट, येवढं तरी सांगा की."

मिस्त्री म्हणाले, "चांगलं असतं तर इचारलं नसतंस."

सगळे हसले. मीही हसलो, कारण त्या शेडमध्ये दुसऱ्या कुणावर हसायची संधी मला क्वचितच मिळे. मुलगा हसला नाही. थोड्या दिवसांनी त्यानं मालकांना सांगून इंदापूरची शेड मागून घेतली. मिस्त्रींनी अडवलं नाही. जाताना त्याच्या पिशवीत स्वतःचा एक लाकूड तासायचा वाकस घातला फक्त.

तेव्हापासून बापलेकांमध्ये जे काही बोलणं होई ते माझ्यामार्फत. मी एसटीनं इंदापूरला जायचो, कुठला माल कधी पाहिजे ते सांगायचो, कधी आऱ्यांची मोळी टपावर टाकून न्यायचो. एकदा झोप लागली आणि मोळीसकट थेट टेंभुर्णीला उतरलो. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, सरपण इकायचंय का?" तिकडच्या स्टँडवर मी दुपारभर त्या मोळीवर बसून होतो, आणि इंदापूरच्या शेडमध्ये दहा माणसं माझी वाट बघत विड्या ओढत होती.

मुलगा दर खेपेला आडून आडून विचारायचा, "मागची चाकं पोचली का नीट?"

"पोचली."

"आबा काय म्हनले?"

आबा "हं" म्हणाले होते. एकदा मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अरे, झकास झालीत म्हणाले! असा हात बघितला नाही म्हणाले!"

तो आरा तासत होता. हात थांबला नाही. जरा वेळानं म्हणाला, "भाऊसाहेब, तुमी मानूस लई चांगलं हाय. पर आबांचं बोलणं तुमाला येत न्हाय."

मी परत आल्यावर मिस्त्रींना म्हणालो, "पोराला एखादा शब्द टाका की. तुमचं काय जातंय?"

"शब्दानं धाव आवळती व्हय?" ते म्हणाले.

पण इंदापूरची चाकं आली की हे जेवायला उठायचे नाहीत. सगळी माणसं झाडाखाली भाकरी सोडून बसली की मिस्त्री आत एकटेच. मी एकदा पाणी प्यायला आत गेलो तर मुलाच्या चाकापुढं उकिडवे बसून आऱ्यांवरून तळहात फिरवत होते, अगदी हळू, आजारी जनावराच्या अंगावरून फिरवतात तसा. मला बघून म्हणाले, "धूळ बसलीया."

सांगवीच्या ऑर्डरची गोष्ट ही त्यानंतरची. तिथल्या काही बागाईतदारांनी मिळून दहा गाड्या सांगितल्या. त्यांच्या वतीनं त्यांच्यातलेच एक, आप्पा, बोलायला आले. आप्पांनी पानाची पिचकारी लिंबाच्या मुळाशी टाकून सांगितलं, "धाच्या धा गाड्या दसऱ्याला एकदम पायजेत मिस्त्री. नऊ आणून एक मागनं, असलं न्हाय चालायचं. एकाच्या दारात गाडी आन् दुसऱ्याच्या दारात न्हाय, मंजी गावात उभा जाळ."

दहा गाड्या, वीस चाकं. मी गोदामं बघितली. वाळलेली बाभळ इंदापूरला नऊ चाकांपुरती होती, बारामतीला अकरा चाकांपुरती. नऊ आणि अकरा वीस! लाकूड इकडून तिकडं न्यायला नको, भाडं नको. मी स्वतःवर इतका खूश झालो की स्वतःच्या पैशानं चहा मागवला. मिस्त्रींना एवढंच सांगितलं की वाटणी झाली, चिंता नको.

भाद्रपद लागला तेव्हा मिस्त्री भिंतीशी मोजायला उभे राहिले. "जोडी, दोन जोड्या..." पाच जोड्यांवर बोट थांबलं. पुढं एक चाक उरलं होतं.

"कारकून, ह्याची जोड कुठं हाय?"

"इंदापूरला," मी अभिमानानं म्हणालो.

त्यांना कळायला जरा वेळ लागला. मग म्हणाले, "मंजी एका गाडीला एक चाक माझं आन् एक त्याचं?"

"मोजायला बरोबर वीस होतात, मिस्त्री."

"मोजायला तर घोडा आन् म्हस मिळून बी दोनच हुत्यात!" त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "ती गाडी नांदायची न्हाय. जा. त्याला सांग, आनखी एक चाक कर. तुझं तुझ्यासंगं लागंल. माझं हे राहू दे बाजूला. लाकूड धाडतो म्हनावं. आन् सांग त्याला..."

"काय सांगू?"

"काय न्हाय. लाकूड धाडतो म्हनून सांग."

इंदापूरच्या शेडमध्ये नऊ चाकं धाव चढवून तयार होती. मुलगा कोपऱ्यात घोंगडं पांघरून बसला होता. डोळे तांबडे, ओठ सुकलेले. "जरा कणकण हाय," म्हणाला. मी त्याला आल्याचा काढा घ्यायला सांगितलं. डावी-उजवी चाकं वेगळी करणाऱ्या माणसाची ती वैद्यकी.

मी निरोप सांगितला तसा तो हसला. हसताना खोकला आला. "आबांच्या चाकाशेजारी माझं चाक? मग आबांनी जेवान सोडलं आसंल."

"सोडलं नाही, पण भाकरी मोडली ती माझ्यावर राग काढल्यासारखी."

"त्यास्नी सांगा, उठलो की करतो." मग घोंगडं अंगाशी ओढून घेत म्हणाला, "का भाऊसाहेब, तसंच जुळवलं तर? एक गाडी जाऊ द्या की तशी. आबांचं एका अंगाला, माझं एका अंगाला. ते तर काय सांगायचे न्हाईत. उन्हात तरी कळंल, माझं कितपत उतरलं ते."

मी परत आलो आणि मिस्त्रींना फक्त "उठला की करतो" एवढंच सांगितलं. बाकीचं सांगितलं असतं तर ते माझंच रचलेलं आहे असं ठरलं असतं, अशी माझी तोवरची ख्याती होती.

तो उठला नाही. विषमज्वर होता. मिस्त्री पोचले तेव्हा तो माणसं ओळखत नव्हता, असं तिथले सुतार सांगत.

सगळं आटोपून मिस्त्री परत आले ते नऊ चाकं घेऊनच. मालकांनी मोटार पाठवतो म्हटलं होतं, पण मिस्त्रींनी थांबायची तयारी दाखवली नाही. भाड्याच्या दोन बैलगाड्यांवर चाकं चढवली आणि इंदापूर ते बारामती, मुक्काम करत, हा माणूस मागून चालत आला. गाडीवान मला म्हणाला, "लई इनवलं बसा म्हनून. चाकावर हात ठिवून चालत व्हते."

खंडेनवमीला शेड झाडून सगळी हत्यारं पाटावर मांडली. त्या दिवशी हत्याराला कामासाठी हात लावायचा नसतो. मिस्त्रींनी मुलाच्या पिशवीतला वाकस आपल्या वाकसाशेजारी ठेवला, दोन्हींना कुंकू लावलं, झेंडूचं फूल एकच होतं ते मोडून दोघांवर वाहिलं.

आरती झाल्यावर मालक मिस्त्रींना हळूच म्हणाले, "तात्या, इंदापूरचं एक चाक कमी पडलंय. आता नवीन होणार नाही. मी आप्पांचे पाय धरतो. उद्या नऊ देऊ, दहावी मागून."

मिस्त्री खाली बघत राहिले. सगळे समजले की त्यांना तेच हवं आहे. उरलेली दोन चाकं भिंतीला दोन टोकांना उभी होती, एक त्यांचं अकरावं, एक मुलाचं नववं. मालक वळले. तेव्हा मी बोललो. घोंगड्यात बसून तो जे म्हणाला होता ते सगळं, शब्दाला शब्द सांगितलं.

मिस्त्रींनी मान वर केली. "आसं म्हनला?"

"हो."

"तुझं रचलेलं न्हाय?"

"रचलं असतं मिस्त्री, तर यापेक्षा गोड रचलं असतं."

ते उठले, मुलाचं चाक घरंगळत आणून आपल्या चाकाला लावलं आणि खिशातली सुतळी काढून दोन तुंबे बांधले. गाठ मारताना बोटं चालेनात, तर दातानं ओढली.

दसऱ्याला दहाच्या दहा गाड्या सांगवीला गेल्या. दहावी कुणी घ्यावी यावर तिथं कुजबूज झाली, कारण बातमी गाड्यांच्या आधी पोचली होती. आप्पांनी पुढं होऊन तिचे बैल धरले. "ही माझ्या दारात," म्हणाले.

थंडी गेली. मिस्त्री काम करत, जोड्या मोजत, जेवत. बोलणं पहिलंच कमी, ते आणखी कमी झालं. इंदापूरला आता दुसरा मिस्त्री होता आणि माझ्या खेपा चालू होत्या, पण निघताना मला कुणी "आन् सांग..." म्हणून अर्ध्यावर थांबत नव्हतं. होळीनंतर ऊन तापायला लागलं तसे ते दुपारी शेडच्या तोंडाशी येऊन सांगवीच्या रस्त्याकडे बघत उभे राहू लागले.

वैशाखात एका दुपारी आप्पा स्वतः गाडी हाकत आले. लांबूनच कळलं, एका अंगाला लोखंड खुळखुळत होतं.

"मिस्त्री, धाव सुटली बघा," आप्पा म्हणाले.

"दोनी का येक?"

"येकच."

मिस्त्रींनी कुठलं ते विचारलं नाही. उन्हात गेले, खाली बसले. धाव हातानं हलवली तशी ती लाकडावरून सरकली. तुंब्यावरची करणाऱ्याची खूण बघायची त्यांना गरज नव्हती, तरी त्यांनी बोटानं धूळ पुसून बघितली. मग पलीकडे जाऊन दुसरं चाक बघितलं. त्या धावेत आणि लाकडात नख शिरत नव्हतं.

"माझं," मिस्त्री म्हणाले.

"काय?" आप्पांना कळेना.

"माझं सैल पडलं. पोराचं न्हाय." ते उठले आणि शेडमध्ये शिरले. करवतीवरच्या माणसाला सांगितलं, "माझं सुटलं. त्याचं हाय तसं हाय." भात्यावरच्याला सांगितलं. मालक हिशेब करत बसले होते, त्यांच्यापुढं जाऊन सांगितलं, "मालक, माझं चाक सैल पडलं!" आपलं काम बिघडल्याची बातमी इतक्या आनंदानं सांगणारा मिस्त्री मालकांनी पाहिला नव्हता. ते घाबरून उभेच राहिले. मिस्त्रींच्या दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

आप्पा म्हणाले, "आता जाळ करतायसाच, तर दोनी आवळून टाका."

"त्याला हात लावायचा न्हाय!" मिस्त्री ओरडले. "त्याला काय झालंय?"

आणि मग माझ्याकडे वळून, नेहमीच्या आवाजात, "कारकून, जा. इंदापूरची यष्टी आसंल आता. त्याला जाऊन सांग, तुझं..."

त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं हे मला आजही माहीत नाही. मी टोपी घातली, पिशवी घेतली आणि स्टँडवर जाऊन गाडीत बसलो. झोप लागू दिली नाही. इंदापूरच्या शेडमध्ये त्याच्या जागेवर एक नवा सुतार काम करत होता. मी त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो आणि निरोप सांगितला. तुझं चाक टिकलं, आबांचं सैल पडलं, असं आबांनी सगळ्यांना सांगितलं, रडत सांगितलं. रचलेलं काही घातलं नाही.

"कुनाशी बोलताय भाऊसाहेब?" सुतारानं विचारलं.

"एकाचा निरोप होता," मी म्हणालो आणि परतीची गाडी धरली.

बारामतीला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. आप्पांची गाडी अजून तिथंच होती. गोवऱ्यांच्या रिंगणात लोखंड लाल झालं होतं आणि मिस्त्री सांडशी धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"बरं केलंस," ते म्हणाले, आणि आपल्या चाकावर धाव चढवायला वाकले.